लाइट गेली की रुसणारं बटण

प्रश्न : काका, मी होळकर सायन्स कॉलेजात बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि भंवरकुआंला खोली घेऊन राहते. माझी आजी बऱ्हाणपूरला असते. संधिवातानं तिची बोटं आखडली आहेत, टॉर्चचं बटण तिच्यानं दाबलं जात नाही. म्हणून मी तिच्यासाठी ५५५ आयसीवर हात लावला की लागणारा दिवा केला. दोन नंबरच्या पायाला वायर, वायरीच्या टोकाला पत्र्याचं झाकण, नऊ व्होल्टची बॅटरी आणि एक एलईडी, एवढंच सर्किट. खोलीवर इतका छान चालायचा की मैत्रिणी उगाच येऊन हात लावून जायच्या. बऱ्हाणपूरला नेला. आजी अंगणात खाटेवर बसली होती, तिनं हात लावला, काही नाही. मी लावला, तरी काही नाही. घरात नेल्यावर लागला, पण रात्री लाइट गेली तेव्हा पुन्हा ठप्प. वर चार दिवसांत बॅटरी संपली. आजी म्हणाली, "तुझ्या दिव्याला माणसं ओळखता येत नाहीत गं." माझं काय चुकलं?

– एक वाचक, भंवरकुआं, इंदूर

उत्तर : आजींचं निदान अगदी बरोबर आहे. तुझा दिवा माणूस ओळखतच नव्हता. तो तुझ्या खोलीतलं वायरिंग ओळखत होता.

भंवरकुआंच्या खोल्या मला ठाऊक आहेत. माझं शिक्षण इंदुरातच झालं, आणि पुढे भाच्याला क्लाससाठी तिथं ठेवायचं होतं तेव्हा चार-पाच खोल्या पाहून झाल्या. दहा बाय दहाच्या जागेत दोन पलंग, भिंतीला टेकवलेलं टेबल, टेबलाखाली एक्स्टेन्शन बोर्ड, त्यात दोघींचे मोबाइल, लॅपटॉप, टेबलफॅन, आणि हिवाळ्यात चोरून लावलेला इमर्शन रॉड. म्हणजे तू खुर्चीत बसतेस तेव्हा तुझ्या चहूबाजूंनी २३० व्होल्टच्या तारा असतात, आणि त्यांतला दाब सेकंदाला ५० वेळा खालीवर होत असतो.

आता तुझ्या शरीराकडे सर्किटच्या नजरेनं बघ. आपण म्हणजे खाऱ्या पाण्यानं भरलेली पिशवी, विजेला वाहून नेणारी. पायात रबरी चपला असल्या की ही पिशवी जमिनीपासून अधांतरी राहते. शरीर आणि जमीन मिळून एक कपॅसिटर तयार होतो, साधारण १०० पिकोफॅरडचा. भिंतीतली तार आणि शरीर यांच्यात दुसरा कपॅसिटर होतो, फार लहान, समज दोनेक पिकोफॅरडचा. दोन्ही एकापुढे एक जोडलेले आहेत, म्हणून २३० व्होल्ट त्यांच्यात वाटले जातात आणि तुझ्या वाट्याला येतात २३० गुणिले २ भागिले १०२, म्हणजे साडेचार व्होल्ट. तारेला हात न लावता, चुपचाप बसल्या जागी तुझं अख्खं शरीर सेकंदाला ५० वेळा साडेचार व्होल्टनं हेलकावे खात असतं.

खरं वाटत नसेल तर चालू स्पीकरमध्ये लावायच्या पिनेच्या टोकाला बोट लाव. घूंऽऽ असा जो आवाज येतो तो हाच. इलेक्ट्रिशियन लोक त्याला 'हम' म्हणतात. टेस्टरचंही तेच. त्याच्या मागच्या टोपीला बोट लावल्याशिवाय तो पेटत नाही, आणि तू प्लास्टिकच्या स्टुलावर उभी असलीस तरी पेटतो. करंट कुठून वाहतो? शरीर-जमीन या कपॅसिटरमधून. १०० पिकोफॅरड ५० हर्ट्‌झला सुमारे ३ कोटी २० लाख ओहमचा अडथळा करतो, त्यातून २३० व्होल्ट जेमतेम ७ मायक्रोअँपिअर ढकलतात. निऑनच्या दिव्याला तेवढे पुरतात, आपल्याला कळतही नाहीत.

५५५चा दोन नंबरचा पाय पुरवठ्याच्या एक-तृतीयांशाखाली गेला की आयसी जागी होते. नऊ व्होल्टवर हा उंबरठा तीन व्होल्टचा. तू झाकणाला हात लावतेस तेव्हा तुझ्या अंगातली ती ५० हर्ट्‌झची झुळूक त्या पायाला खाली ओढते, पहिल्याच हेलकाव्यात तो तीन व्होल्टखाली जातो आणि एलईडी लागतो.

मग बऱ्हाणपूरच्या अंगणात काय झालं असेल? खाट भिंतीपासून लांब, जवळपास तार नाही, म्हणजे झुळूकच नाही. त्यात आजी अनवाणी, पाय जमिनीवर. त्यांच्या अंगात जो थोडाफार हम शिरेल तो पायांवाटे निघून जाणार. शिवाय बॅटरीवरचं सर्किटसुद्धा अधांतरीच. दोन टोकांमध्ये फरक असेल तर करंट वाहणार, आणि इथे फरक जवळपास शून्य. घरात नेल्यावर भिंतीतलं वायरिंग जवळ आलं आणि दिवा लागला. लाइट गेली, तारा मेल्या, हम संपला, दिवा रुसला. लाइट गेल्यावर लागावा म्हणून केलेला दिवा लाइट असतानाच लागतो, यात तुझा दोष एवढाच की तू त्याची परीक्षा चालू लाइटीत घेतलीस. मीही घेतली असती. छापून येणाऱ्या बहुतेक टच स्विचच्या आकृत्या याच पद्धतीच्या असतात, आणि 'लाइट गेल्यावर चालणार नाही' ही ओळ मी त्यांच्याखाली क्वचितच पाहिली आहे.

तू लिहिलेलं नाहीस, पण रात्री दिवा कधी आपोआपही लागला असेल. शेजारच्या खोलीतला फ्रिज किंवा गच्चीवरची मोटर सुरू होताना तारांमध्ये जो धक्का बसतो, तो तुझी ती लोंबती वायर अँटेनासारखा पकडते.

आता बॅटरी. ५५५ हॅन्स कॅमेन्झिंड या स्विस माणसानं १९७१ मध्ये सिग्नेटिक्स कंपनीसाठी आखली, १९७२ मध्ये ती बाजारात आली, आणि आजही महाराणी रोडच्या दुकानात मुठीनं मिळते. पण तिच्या पोटात कायम करंट वाहत असतो. दिवा लागलेला नसतानाही नऊ व्होल्टवर ती पाचेक मिलिअँपिअर खाते. साध्या नऊ व्होल्टच्या बॅटरीत फार तर चारशे मिलिअँपिअर-तास. चारशेला पाचानं भाग, ८० तास. झाले की तुझे चार दिवस.

तरी ५५५ची कल्पना टाकू नकोस. तिची सीमॉस बहीण ७५५५ घे. पाय तेच, काम तेच, खाणं शंभर मायक्रोअँपिअरपेक्षाही कमी. दुकानदाराकडे ७५५५ मागितलंस तर तो सवयीनं ५५५ काढून देईल, तेव्हा पाठीवरचा नंबर वाचून घे. आणि नऊ व्होल्टच्या चौकोनी बॅटरीऐवजी चार पेन्सिल सेल लाव. बऱ्हाणपुरातल्या कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातही ते मिळतात, आजींना कुणाला पाठवून आणवता येतात.

मुख्य प्रश्न हमशिवाय बोट ओळखायचं कसं हा. त्यासाठी सर्किटनं आपला करंट आपणच पाठवायचा आणि तो बोटातून परत येतो का ते बघायचं. एका पट्टीऐवजी दोन पट्ट्या ठेवायच्या, जवळजवळ पण न चिकटलेल्या. एक पट्टी बॅटरीच्या प्लसला, दुसरी ट्रान्झिस्टरच्या तोंडाशी. बोट टेकलं की त्वचेतून चिमूटभर करंट पलीकडे जातो. इथे लाइट असो नसो, अनवाणी असो की चपला घालून, फरक पडत नाही.

माझा पहिला टच स्विच असाच होता, एसएल १०० नावाच्या धातूच्या टोपीवाल्या ट्रान्झिस्टरचा. दोन ट्रान्झिस्टर एकामागे एक, म्हणजे डार्लिंग्टन जोडी. बेल लॅबच्या सिडनी डार्लिंग्टननं १९५३ मध्ये तिचं पेटंट घेतलं. एक ट्रान्झिस्टर करंट दोनशे पट करत असेल तर दोन मिळून चाळीस हजार पट. मी तो जुलैमध्ये केला, घरभर मिरवला, आणि जानेवारीत पाहुणे आले तेव्हा तो कुणाच्याच हातानं लागेना. इंदूरच्या थंडीत बोटं सालपटल्यासारखी कोरडी होतात. शेवटी एका मामांनी बोट जिभेला लावून मग टेकवलं, तेव्हा पेटला. पुढच्या पावसाळ्यात उलटच. कुणी जवळ नसताना तो आपला मिणमिणत बसायचा, कारण दोन पट्ट्यांमधल्या लाकडी पाटीनंच ओल धरली होती.

सांगायचं हे की घामेजलेल्या तरण्या बोटाचा अडथळा काही लाख ओहम, तर म्हाताऱ्या, कोरड्या, राखेनं भांडी घासलेल्या बोटाचा एक-दोन कोटीपर्यंत जाऊ शकतो. तुझ्या आजींचं बोट दुसऱ्या प्रकारातलं धरून चल. तिथे डार्लिंग्टनवर विसंबू नये. २एन७००० नावाचा छोटा मॉसफेट घे. त्याच्या गेटला करंट जवळपास लागतच नाही, नुसता दाब लागतो, साधारण दोन व्होल्ट.

जोडणी अशी. मॉसफेटचा सोर्स बॅटरीच्या मायनसला. ड्रेन ७५५५च्या दोन नंबरच्या पायाला, आणि तिथूनच १०० किलोओहम प्लसकडे. गेटपासून मायनसला १० मेगओहमचे दोन रेझिस्टन्स एकापुढे एक, म्हणजे २० मेग. गेटपासून पट्टीकडे जाताना १ मेग, प्लसपासून दुसऱ्या पट्टीकडे जाताना आणखी १ मेग. आजींच्या बोटाचे २० मेग धरले तरी गेटवर ६ गुणिले २० भागिले ४२, जवळपास २.९ व्होल्ट येतात. मॉसफेट उघडतो, दोन नंबरचा पाय खाली बसतो. ७५५५चा सहावा आणि सातवा पाय एकत्र करून प्लसकडे ४७० किलोओहम, मायनसकडे २२० मायक्रोफॅरड. पहिला पाय मायनसला, चौथा-आठवा प्लसला. दिवा किती वेळ राहील? १.१ गुणिले आर गुणिले सी, सुमारे ११४ सेकंद. अंथरुणातून उठून चपला शोधायला दोन मिनिटं पुरावीत. आजींना मोरीपर्यंत जाऊन यायचं असेल तर ४७० मायक्रोफॅरड घाल. तिसऱ्या पायानं थेट एलईडी पेटवू नकोस, ७५५५चं मनगट तेवढं बळकट नाही. ४.७ किलोओहममधून बीसी ५४७च्या बेसला दे आणि एलईडी त्याच्या कलेक्टरमध्ये लाव, पांढऱ्या एलईडीला प्रत्येकी १५० ओहम.

२एन७००० आणि बीसी ५४७ दिसायला जुळे भाऊ. सपाट बाजू तोंडाकडे, पाय खाली धरले तर बीसी ५४७चे डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर. २एन७०००चे सोर्स, गेट, ड्रेन. डबीत मिसळले की रात्री बारा वाजता झोपाळलेल्या डोळ्यांनी चूक हटकून होते. आधी एकाच्या डोक्यावर नेलपॉलिशचा ठिपका दे.

अजून एक कपॅसिटर मी मुद्दाम मागे ठेवला होता. गेट आणि मायनस यांच्यामध्ये ०.१ मायक्रोफॅरड घाल, विसरू नकोस. हिवाळ्यात घोंगडीतून उठलेल्या माणसाच्या अंगावर दहा हजार व्होल्ट साठलेले असू शकतात. लोखंडी कडीला हात लावताना चट्‌ होतं ते हेच. मॉसफेटचं गेट २० व्होल्टच्या पुढे फाटतं. पण आपल्या शरीराचा साठा फक्त १०० पिकोफॅरडचा. तो सगळा ०.१ मायक्रोफॅरडमध्ये ओतला तर भांडं हजारपट मोठं, म्हणून दाब हजारपट कमी, दहा व्होल्ट. गेट वाचतं. शिवाय हा कपॅसिटर ५० हर्ट्‌झचा हमही गिळून टाकतो, म्हणजे तुझ्या खोलीवरही दिवा भलत्या वेळी उठणार नाही. बदल्यात बोट सेकंदभर, फारच कोरडं असेल तर दोन सेकंद टेकवून ठेवावं लागतं. आजी कुठे धावत आहेत!

पट्ट्यांचा विचार मात्र आजींच्या हाताप्रमाणे कर. आखडलेल्या बोटाला अंधारात दोन टिकल्या शोधायला लावणं म्हणजे टॉर्चच्या बटणापेक्षा मोठी शिक्षा. पीव्हीसी पाइपचा वीतभर तुकडा घे, त्यावर कथील चढवलेल्या दोन उघड्या तारा शेजारीशेजारी गुंडाळत ने, मध्ये तीन मिलिमीटर अंतर ठेवून, स्क्रूच्या आट्यांसारख्या. एक तार प्लसची, दुसरी गेटची. मग हा तुकडा कुठूनही, मुठीनं, तळव्यानं, मनगटानं धरला तरी दोन्ही तारा सापडतातच. खाटेच्या गाताला बांधून टाक. लाकडाचा दांडा नको, कारण माझ्या पाटीची गोष्ट वर आलीच आहे. नुसती तांब्याची तारही नको, घामानं हिरवी पडते. पावसाळ्यात आठवड्यातून एकदा कोरड्या फडक्यानं पुसायला सांग. तरीही दिवा आपोआप लागायला लागला तर २० मेगमधला एक रेझिस्टन्स कमी करून १० वर ये.

दोन पट्ट्यांमध्ये उद्या ओला चमचा पडला तरी बॅटरीतून वाहणार फार तर सहा व्होल्ट भागिले दोन मेग, तीन मायक्रोअँपिअर. माणसाला साधारण एक मिलिअँपिअरला मुंग्या जाणवू लागतात, म्हणजे हा करंट त्याचा जेमतेम तीनशेवा हिस्सा. पण ही निश्चिंती सेलवर चालतंय तोवरचीच. 'सेल कशाला, एलईडी बल्बमधलं सर्किट काढून तेच लावू' असं तुझ्या वर्गातलं कुणी तरी सुचवेल. त्या स्वस्त सर्किटांत ट्रान्सफॉर्मर नसतो, सगळी जोडणी थेट २३० व्होल्टच्या फेजला टांगलेली असते. त्यावर पट्टी जोडणं म्हणजे आजींच्या हाती उघडी तार देणं. मोबाइलच्या बेभरवशाच्या चार्जरवरही हे चालवू नकोस.

बोट सोडून भलतंच काही ओळखणाऱ्या बटणांचा इतिहास तसा गमतीचा नाही. नुसता स्पर्श केला की पेटणारी लिफ्टची बटणं अमेरिकेत एके काळी फार वापरात होती. १९७० च्या ऑगस्टमध्ये न्यू यॉर्कमधल्या 'वन न्यू यॉर्क प्लाझा' या इमारतीत आग लागली, तेव्हा जळत्या मजल्यावरच्या बटणांनी उष्णतेलाच बोट मानलं, लिफ्ट बोलावून घेतली आणि तिच्यातले दोघे गेले. आगीच्या वेळी लिफ्ट वापरू नका ही पाटी आपण न वाचताच पुढे जातो, तिच्यामागे अशाही गोष्टी आहेत.

दिवा पूर्ण झाला की खोलीवर तपासू नकोस. मेन स्विच बंद करून तपासायला घरमालक परवानगी देणार नाहीत, त्यापेक्षा कॉलेजच्या मैदानाच्या मध्यावर जा, चपला काढ, बोटं कोरडी पुस आणि मग हात लाव. तिथे लागला तर खंडवा रोडची बस पकड.

प्रश्न : आम्ही सुदामानगरात नव्या फ्लॅटमध्ये आलो. भिंतीवर काचेचे टच स्विच आहेत. सकाळी कामवाल्या मावशींनी ओलं फडकं फिरवलं की पंखे, दिवे, गीझर सगळं एकदम चालू-बंद होतं. बोर्ड खराब आहे का?

– एक वाचक, इंदूर

उत्तर : नाही. काचेमागे धातूचा पातळ तुकडा असतो आणि एक छोटी चिप त्यात सतत विजेचा थेंब थेंब भरत, किती वेळात भरला ते मोजत असते. बोट जवळ आलं की भांडं किंचित मोठं होतं, भरायला जास्त वेळ लागतो, चिप म्हणते 'हात आला'. त्वचेतून करंट वाहावा लागत नाही, म्हणून काचेआडूनही चालतं. याच तत्त्वावरचा पडदा युरोपातल्या सर्न प्रयोगशाळेत बेंट स्टुंपे यांनी तयार केला आणि १९७६ मध्ये सुरू झालेल्या तिथल्या प्रवेगकाच्या नियंत्रण कक्षात तो बसवला. आपल्याकडे राजा रामण्णा केंद्रात इंडस प्रवेगक आहेत, तेव्हा इंदूरकरांनी या गोष्टीचा थोडा अभिमान बाळगायला हरकत नाही, नातं लांबचं असलं तरी.

पाण्याचा थर चिपला बोटासारखाच वाटतो. फडकं चारही चौकोनांवरून फिरलं म्हणजे तिच्या लेखी चार बोटं फिरली. आणखी एक खोड लक्षात ठेवा. लाइट परत येते त्या क्षणी चिप 'हात नसताना किती' हे नव्यानं मोजून घेते. नेमकं तेव्हा फडकं काचेवर असेल तर ओलं फडकं हीच तिची कोरी पाटी, आणि मग काही सेकंद खऱ्या बोटाला ती ओळख देत नाही. मावशींना कोरडं फडकं द्या, आणि गीझर त्या बोर्डावरून काढून साध्या खटक्याच्या स्विचवर घ्या.